एका क्षेत्ररक्षकाचा नकार

क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. चेंडू उंच उडाला म्हणजे साऱ्या माना त्याच्या दिशेने वळतात. झेल मिळाला किंवा सुटला, की सर्वांची दृष्टी पुन्हा खेळपट्टीकडे लागते. अमेरिकेच्या बेसबॉल ह्या खेळातही असे तीन दूरचे राखणदार असतात. बेसबॉलच्या मैदानावर चार ठाण्यांचा एक चौकोन आखलेला असतो. फलंदाज एका ठाण्यावर उभा राहून चेंडू टोलावतो आणि उरलेली ठाणी ओलांडून परत आला म्हणजे एक धाव होते. ह्या चौकोनापलीकडे हिरवळीचे विस्तीर्ण पटांगण पसरलेले असते. त्याच्या डाव्या, मधल्या व उजव्या भागांत एकेक खेळाडू हातात चामड्याचा मोठा मोजा घालून उभा असतो. त्यांत मधल्याचे काम सर्वांत जोखमीचे. त्याच्या वाट्याला सर्वांत अधिक भूमी येते. फळीचा आवाज कानी पडताच चेंडू कोठे पडणार हे ताडून त्याला धावत सुटावे लागते आणि त्याची एक चूक अनेकदा सामनाच घालवून बसते.

ही मधली जागा बारा वर्षे सांभाळणाऱ्या कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूची ही हकीकत आहे. त्याच्यापेक्षा मोठे फलंदाज त्याच्या काळात पुष्कळ होऊन गेले. तरीही अमेरिकेच्या कायद्याच्या इतिहासात नाव राहिले ते फ्लडचे. कारण, ज्या व्यवसायाने त्याला मान आणि धन दिले, त्याच व्यवसायाला त्याने एक साधा प्रश्न विचारला : खेळाडू हा माणूस आहे, की मालकाच्या मालमत्तेच्या यादीतील एक वस्तू?

कर्ट फ्लडचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजी टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरी झाला. त्याचे बालपण कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे कष्टकरी निग्रोंच्या वस्तीत गेले. ('निग्रो' हा त्या काळचा शब्द, आज 'कृष्णवर्णीय' म्हणण्याचा प्रघात आहे.) त्या वस्तीतील मुलांना जॉर्ज पाउल्स नावाचा एक गोरा शिक्षक बेसबॉल शिकवीत असे. पुढे नामांकित झालेला फ्रँक रॉबिन्सन हाही ह्याच शिक्षकाच्या हाताखाली तयार झाला. फ्लड अंगापिंडाने लहानखुरा, उंची अवघी पाच फूट नऊ इंच. पण पाय चपळ आणि नजर अचूक. १९५६ साली, शाळा संपताच, सिनसिनाटीच्या व्यावसायिक संघाने त्याला वर्षाला चार हजार डॉलर वेतनावर करारबद्ध केले.

व्यावसायिक खेळाडूला आरंभी कनिष्ठ संघांतून उमेदवारी करावी लागते. फ्लडची रवानगी दक्षिणेकडील उत्तर कॅरोलायना राज्यात झाली. कॅलिफोर्नियात वाढलेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलाने वर्णभेदाचे जे रूप तेथे पाहिले, ते त्याच्या कल्पनेपलीकडचे होते. प्रवासात संघातील गोरे सोबती उपाहारगृहात जेवत, तर त्याला मागल्या दारी जाऊन अन्न घ्यावे लागे किंवा बसगाडीत बसून राहावे लागे. प्रेक्षकांच्या शिव्या तर नित्याच्याच. त्या दिवसांतील एक प्रसंग त्याने पुढे सांगितला आहे. एकाच दिवशी दोन सामने होते. मधल्या सुटीत सर्वांनी घामाने भिजलेले गणवेश काढून धुण्यासाठी एका ढिगात टाकले. फ्लडनेही आपला टाकला. तेव्हा कपड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने आरडाओरडा करीत तो एका काठीने उचलून बाजूला काढला आणि निग्रोंच्या धोबीखान्याकडे वेगळा पाठविला. तो परत येईपर्यंत हा तरुण उघड्या अंगाने खोलीत बसून राहिला. बाहेर सामना खोळंबला होता आणि उशिराबद्दल प्रेक्षक त्यालाच बोल लावीत होते. अशा अवस्थेतही त्या हंगामात त्याने दर हजार संधींमागे ३४० यशस्वी टोले हे प्रमाण राखले, २९ वेळा चेंडू मैदानाबाहेर भिरकावला आणि लीगमध्ये फलंदाजीत अग्रस्थान मिळविले.

१९५७ च्या अखेरीस तो हिवाळी सामन्यांसाठी व्हेनेझुएलात असता त्याच्या हाती एक तार पडली. सिनसिनाटीने त्याला सेंट लुइस कार्डिनल्स ह्या संघाच्या स्वाधीन केले होते. त्याला कोणी विचारले नव्हते. विचारण्याची पद्धतच नव्हती. एकोणीस वर्षांच्या फ्लडने मनाशी गाठ बांधली, की आपली अशी देवघेव पुन्हा होऊ द्यायची नाही. हा निश्चय पाळणे त्याच्या हाती नव्हते, हे त्याला बारा वर्षांनी कळणार होते.

सेंट लुइसमधील पहिली वर्षे उपेक्षेत गेली. संघाचा व्यवस्थापक सॉली हेमस त्याला बहुधा राखीव खेळाडूंत बसवून ठेवी. १९६१ च्या जुलैत त्याच्या जागी जॉनी कीन आला आणि मधल्या मैदानाची राखण त्याने निःशंकपणे फ्लडच्या हवाली केली. तेव्हापासून त्याचा भाग्योदय झाला. १९६३ ते १९६९ अशी लागोपाठ सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे 'सुवर्ण मोजा' पारितोषिक त्याने पटकाविले. १९६४ साली त्याने २११ यशस्वी टोले मारले. १९६५ च्या सप्टेंबरपासून १९६७ च्या जूनपर्यंत २२६ सामन्यांत त्याच्या हातून क्षेत्ररक्षणाची एकही चूक नोंदली गेली नाही. १९६४ आणि १९६७ ह्या दोन वर्षी कार्डिनल्सनी विश्वविजेतेपद जिंकले. तो संघही मोठा निराळा होता. गोरे, काळे आणि स्पॅनिश भाषा बोलणारे खेळाडू त्यात खांद्याला खांदा लावून वावरत. गोलंदाज बॉब गिब्सन हा फ्लडचा जिवलग मित्र होता.

मैदानाबाहेरही फ्लड जागा होता. १९६२ साली मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी नागरी हक्कांसाठी भरलेल्या सभेस तो जॅकी रॉबिन्सनबरोबर उपस्थित राहिला. रॉबिन्सन म्हणजे १९४७ साली अमेरिकेच्या प्रमुख लीगमधील वर्णभेदाची भिंत फोडणारा खेळाडू. १९६४ साली विश्वविजेता होऊन फ्लड कॅलिफोर्नियात परतला आणि अलामो येथे गोऱ्यांच्या वस्तीत त्याने एक घर भाड्याने घेतले. घरमालकाच्या बाजूने त्याला बंदुकीचा धाक दाखविण्यात आला. फ्लड न्यायालयात गेला, हुकूम मिळविला आणि त्या घरात राहावयास गेला. विजयाचा हार माणसाला घराचे दार उघडून देत नाही, प्रसंगी कायद्याचा हुकूमच ते उघडतो, हा धडा तेथे त्याला मिळाला.

क्षेत्ररक्षकाच्या नशिबी एक चूक असतेच. १९६८ च्या विश्वविजेतेपदाचा सातवा, निर्णायक सामना डेट्रॉइटविरुद्ध सेंट लुइसमध्येच होता. सहा डाव झाले तरी धावफलक कोरा होता. सातव्या डावात जिम नॉर्थरपने मारलेला चेंडू थेट मध्यावर आला. फ्लड आधी पुढे सरकला, मग मागे वळताना त्याचा पाय घसरला आणि चेंडू त्याच्या मागे जाऊन पडला. दोन धावा झाल्या, सामना गेला, विजेतेपदही गेले. दोन वर्षे निर्दोष राहिलेल्या माणसाची ती एक चूक लोकांच्या ध्यानात राहिली. पुढल्या हंगामासाठी त्याने ९०,००० डॉलर मागितले व ते त्याला मिळालेही. पण मालकांशी असलेल्या संबंधांतला पूर्वीचा ओलावा राहिला नाही. १९६९ चा हंगाम संघाला साधारणच गेला.

आणि त्या ऑक्टोबरात एके दिवशी पहाटे दूरध्वनी वाजला. संघाच्या कचेरीतील एका मधल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने त्याला कळविले, की अन्य तिघा सहकाऱ्यांसह त्याला फिलाडेल्फियाच्या संघाकडे देण्यात आले असून बदल्यात तिकडचे तिघे येत आहेत. बारा वर्षांच्या सेवेचा समारोप एवढ्या चार वाक्यांत झाला. फ्लड त्या वेळी एकतीस वर्षांचा होता. सेंट लुइसमध्ये त्याचे घर होते, व्यवसाय होता, स्नेही होते.

हा अधिकार मालकांकडे आला कोठून? १८७९ साली नॅशनल लीगच्या संघमालकांनी आपसांत ठरविले, की प्रत्येक संघाने पाच खेळाडू स्वतःसाठी राखून ठेवावेत आणि दुसऱ्याच्या राखीव खेळाडूला कोणी कामावर घेऊ नये. हेतू वेतने आटोक्यात ठेवण्याचा. पुढे पाचांचे सर्व झाले आणि ही तरतूद प्रत्येक खेळाडूच्या करारात आली. तिचेच नाव 'राखीव कलम'. खेळाडूने ठरावीक दिवसापर्यंत नव्या करारावर सही केली नाही, तर जुना करार त्याच अटींवर एक वर्ष पुढे चालविण्याचा हक्क ते संघाला देई. मालकांचा अर्थ असा, की पुढे चाललेल्या करारातही हे कलम असल्यामुळे तो पुन्हा एक वर्ष चालवावा आणि मग पुन्हा एक वर्ष. म्हणजे खेळाडूने तारुण्यात एकदा सही केली, की मालक सोडील तोवर तो त्या संघाचा. मालक त्याला विकू शके, बदलू शके. खेळाडूसमोर दोनच वाटा होत्या : मान्य करणे, किंवा खेळणे सोडून देणे.

फ्लडने तिसरी वाट धरली. तो खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर ह्यांना भेटला. मिलर हे पोलादकामगारांच्या संघटनेत मुरलेले गृहस्थ. त्यांनी भीड न ठेवता सांगितले, की दावा बहुधा फेटाळला जाईल. जिंकला तरी फ्लडचे आयुष्य मैदानाबाहेर संपलेले असेल. मालक त्याला पुन्हा कोठेही उभे करणार नाहीत. ह्याचा इतर खेळाडूंना व पुढे येणाऱ्यांना लाभ होईल काय, एवढेच फ्लडने विचारले. होईल, असे उत्तर मिळाले. तेवढे त्याला पुरे होते. डिसेंबरात पोर्तो रिकोतील सान हुआन येथे संघांच्या प्रतिनिधींसमोर त्याने आपली बाजू मांडली, तेव्हा पंचवीसही प्रतिनिधींनी एकमताने त्याला पाठिंबा दिला आणि खटल्याचा खर्च संघटनेने उचलला.

२४ डिसेंबर १९६९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी क्यून ह्यांना पत्र लिहिले. पत्र थोडके होते. बारा वर्षे ह्या खेळात घालविल्यानंतर, माझ्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री करावी अशी मी वस्तू आहे असे मला वाटत नाही, हा त्याचा आशय. इतर संघांकडून येणाऱ्या प्रस्तावांचाही विचार करण्याची मुभा त्याने मागितली. क्यून ह्यांनी माणूस ही मालमत्ता नाही हे मान्य केले, पण कराराकडे बोट दाखवून मागणी नाकारली. १६ जानेवारी १९७० रोजी न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला.

वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळविणाऱ्या माणसाने गुलामीची भाषा करावी, हे अनेक अमेरिकनांना रुचले नाही. दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत हा आक्षेप त्याच्यासमोर ठेवण्यात आला, तेव्हा भरपूर पगाराचा गुलाम हाही शेवटी गुलामच, असे उत्तर त्याने दिले. ह्या उत्तरात खटल्याचे सार आहे. मोबदला किती, हा एक प्रश्न. काम कोठे व कोणाकडे करावे हे ठरविण्याचा हक्क कोणाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर समाधानकारक असले म्हणजे दुसरा विचारण्याचे कारण उरत नाही, अशी मालकांची आणि बऱ्याच लोकांचीही समजूत होती. फ्लडने ती फिलाडेल्फियाचे सुमारे एक लाख डॉलर नाकारून खोडून काढली. १९७० चा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही.

त्या वर्षी मे महिन्यात सुनावणी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग हे फ्लडचे वकील. साक्षीसाठी जॅकी रॉबिन्सन आला. त्याचे केस पांढरे झाले होते आणि प्रकृती खंगली होती. जुना नामवंत फलंदाज हँक ग्रीनबर्ग आला. बिल व्हेक हा माजी संघमालकही फ्लडच्या बाजूने उभा राहिला. परंतु त्या काळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयाची पायरी चढला नाही. पाठिंब्याचा ठराव करणारे हात होते. मालकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या शेजारी येऊन बसण्याचे धैर्य मात्र कोणाला झाले नाही. फ्लडच्या मनाला हे फार लागले.

ऑगस्टमध्ये न्यायाधीश कूपर ह्यांनी दावा फेटाळला. पुढल्या वर्षी अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. ह्यामागे एक चमत्कारिक पूर्वनिर्णय होता. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती होम्स ह्यांच्या लेखणीतून, असा निकाल दिला होता, की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे. म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. १९५३ साली टूलसन नावाच्या खेळाडूच्या दाव्यात न्यायालयाने तोच निकाल उचलून धरला. पुढे मुष्टियुद्ध आणि फुटबॉल ह्यांना मात्र तोच कायदा लागू असल्याचे न्यायालयाने ठरविले. सूट राहिली ती एकट्या बेसबॉलला.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती पॉवेल ह्यांच्याकडे कार्डिनल्सची मालकी असलेल्या मद्य-कंपनीचे भाग असल्यामुळे त्यांनी निवाड्यात भाग घेतला नाही. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन ह्यांनी स्पष्ट मान्य केले, की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच आहे आणि त्याला मिळालेली सूट विसंगत आहे. तथापि, अर्धशतक चालत आलेली ही विसंगती दूर करावयाची तर ती काँग्रेसने करावी, न्यायालयाने नव्हे, असा त्यांचा अभिप्राय पडला. डग्लस, ब्रेनन व मार्शल ह्या तिघा न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदविले. चूक कबूल आहे, पण ती जुनी आहे म्हणून चालू द्यावी, असा निकाल ज्याच्या पदरी पडतो, त्याची मनःस्थिती काय होत असेल, ह्याची कल्पना करता येते.

फ्लड तेव्हा अमेरिकेत नव्हताच. १९७१ साली वॉशिंग्टनच्या संघाने त्याला १,१०,००० डॉलरवर बोलावून पाहिले होते. दाव्यातील हक्कांना बाध येणार नाही अशी खात्री करून घेऊन तो गेला. पण दीड वर्षाच्या खंडाने पायांतला वेग आणि हातातले कसब ओसरले होते. तेरा सामन्यांत त्याला अवघे सात टोले साधले. एप्रिल संपण्यापूर्वीच संघमालकाला तार करून तो विमानाने स्पेनकडे निघून गेला. मायोर्का बेटावर त्याने एक मद्यालय चालविले, मद्याच्या आहारीही तो गेला. १८६१ टोले आणि हजारी २९३ ची सरासरी ह्या आकड्यांवर त्याची कारकीर्द थांबली, तेव्हा त्याचे वय तेहतीस होते.

ह्या अवधीत दुसरीकडे एक दार किलकिले झाले होते. १९७० च्या सामुदायिक करारात खेळाडू संघटनेने तंट्यांसाठी निःपक्षपाती लवादाची तरतूद मिळविली होती. १९७५ साली अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅक्नॅली हे दोन गोलंदाज नव्या करारावर सही न करताच त्या हंगामात उतरले आणि हंगामाअखेर त्यांनी आपण मोकळे झालो असल्याचे जाहीर केले. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ ह्यांनी निवाडा दिला, की करारातील 'एक वर्ष' ह्या शब्दांचा अर्थ एकच वर्ष. जवळजवळ शंभर वर्षे चाललेली व्यवस्था ह्या साध्या वाचनाने कोसळली. मालकांनी लवादाला तत्काळ दूर केले, ते न्यायालयातही गेले. पण निवाडा टिकला. १९७६ च्या करारान्वये सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूला आपला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. १९७५ साली प्रमुख लीगमधील खेळाडूचे सरासरी वेतन सुमारे ४५,००० डॉलर होते. १९८० साली ते १,४०,००० डॉलरच्या वर गेले.

फ्लडचा दावा आणि हा निवाडा ह्यांचा कायदेशीर संबंध नाही. पण राखीव कलम म्हणजे काय, हे साऱ्या देशाला कळले ते त्याच्या दाव्यामुळे. मालकांनी न्यायालयात सांगितले होते, की हा प्रश्न वाटाघाटींनी सुटावयाचा आहे. त्या शब्दांना जागण्याचे ओझे त्यांच्यावर आले. आणि खेळाडूंना, आपल्यातला एकजण सर्वस्व पणाला लावून उभा राहिला असता आपण घरी बसलो, ही बोच लागली.

फ्लड सत्तरीच्या दशकाच्या मध्यास ओकलंडला परतला. १९७८ साली त्याने तेथील संघाच्या सामन्यांचे नभोवाणीवरून समालोचन केले. हळूहळू तो व्यसनातून सावरला, १९८६ साली ज्यूडी पेस ह्या अभिनेत्रीशी त्याने विवाह केला. २० जानेवारी १९९७ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, घशाच्या कर्करोगाने लॉस अँजेलिस येथे त्याचे निधन झाले. बेसबॉलच्या सन्माननीयांच्या दालनात त्याच्या हयातीत त्याला स्थान मिळाले नाही. ब्लॅकमन ह्यांनी काँग्रेसकडे सोपविलेले काम काँग्रेसने सव्वीस वर्षांनी केले. ऑक्टोबर १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनी सही केलेल्या कायद्याने प्रमुख लीगमधील खेळाडूंच्या नोकरीपुरती बेसबॉलची ती सूट काढून टाकली. त्या कायद्याला नाव दिले गेले ते कर्ट फ्लडचे.

परंतु त्याचे अधिक जिवंत स्मारक एका छोट्या नियमात आहे. प्रमुख लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यांपैकी शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या संघाकडे देता येत नाही, अशी तरतूद १९७३ च्या करारात आली. तिला 'फ्लडचा नियम' म्हणतात. ज्या पहाटे सेंट लुइसमध्ये तो दूरध्वनी वाजला, त्या पहाटे हा नियम असता, तर बारा वर्षे एकाच संघात काढलेल्या फ्लडला पत्रही लिहावे लागले नसते आणि दावाही लावावा लागला नसता. नाही, एवढा एक शब्द त्याने उच्चारला असता, की काम झाले असते. तो शब्द उच्चारण्याची किंमत त्याने एकट्याने मोजली. त्याच्यामागून आलेल्यांना तो विनामूल्य मिळाला.